वाचकांचे प्रश्न: लेस्टरमधला ‘भारतीय’ टक्का मोजतात तरी कसा?

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो होतो, की इंग्लंडातल्या लेस्टर शहरात आता दर तीन माणसांमागे एक भारतीय वंशाचा आहे. त्यावर मेल आणि व्हॉट्सॅप मिळून इतकं काही आलं की या वेळचा अख्खा कॉलम त्यातच जाणार, त्यामुळे विम्याच्या हप्त्यांवरचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका. काही पत्रं थोडी कापली आहेत, नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : सर नमस्कार, माझा मुलगा दोन वर्षांपासून लेस्टरला आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, वीस वर्षांत तिथले गोरे पळून गेले, टक्का ६४ वरून ४१ वर आला, शहर आता आपलं झालं वगैरे. मुलाला विचारलं तर तो म्हणतो आई मला ऑफिस आणि घर एवढंच माहीत आहे. खरं काय आहे? (डोंबिवलीच्या एक वाचक)

उत्तर : ताई, गंमत अशी आहे की मेसेजमधले आकडे बरोबर आहेत आणि मेसेज चूक आहे. असं नेहमी होतं.

आधी आकडे घेऊ. २००१ च्या जनगणनेत लेस्टरची लोकसंख्या २,७९,९२१ होती आणि त्यात गोरे ६३.९ टक्के. २०२१ ला लोकसंख्या ३,६८,५७१ आणि गोरे ४०.९ टक्के. आता टक्के सोडा आणि डोकी मोजा. २००१ ला गोरे साधारण १ लाख ७९ हजार होते, २०२१ ला साधारण १ लाख ५१ हजार. म्हणजे कमी झाले २८ हजार, वीस वर्षांत. त्याच काळात बाकी सगळे मिळून १ लाख १ हजारावरून २ लाख १८ हजारावर गेले. आता असं समजा की एकही गोरा कमी झाला नसता, सगळे जागच्या जागी बसून राहिले असते आणि बाकीचे तेवढेच वाढले असते, तर टक्का किती आला असता? करून बघा, ४५. म्हणजे ६४ वरून ४१ ही जी २३ पॉइंटची घसरण मेसेजमध्ये दिसते त्यातली १९ पॉइंट घसरण निव्वळ खालचा छेद वाढल्यामुळे आहे, कोणी कुठे पळाल्यामुळे नाही. आणि उरलेले जे २८ हजार, त्यातसुद्धा म्हातारी माणसं वारली ती आहेत, कारण तिथल्या गोऱ्या लोकांचं सरासरी वय जास्त आहे आणि भारतीय घरांमध्ये लेकुरवाळी जोडपी जास्त, त्यामुळे कोणीही सामान हलवलं नाही तरी दर वर्षी टक्का सरकतच राहतो.

आता पळून गेले का, तर काही जण शहर सोडून गेले हे खरंच, पण गेले कुठे आणि कोण गेले हे बघा. लेस्टरला लागून ओडबी आणि विगस्टन नावाचा भाग आहे, तो वेगळ्या कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, येतो. तिथे घरं मोठी, शाळा चांगल्या म्हणून नाव. चार पैसे जमले की लेस्टरमधली माणसं तिकडे सरकतात आणि यात गुजराती कुटुंबंही भरपूर आहेत. म्हणजे बेलग्रेव्ह रोडवर दुकान, राहायला ओडबीत, आणि जनगणना राहत्या घरी होते, त्यामुळे हे लोक दिवसभर लेस्टरमध्ये असून लेस्टरच्या आकड्यात नाहीत. तुम्ही डोंबिवलीच्या आहात, तुम्हाला हे वेगळं समजवायची गरज नाही, रोज सकाळी आठच्या लोकलला लटकणारी माणसं मुंबईच्या कुठल्या आकड्यात असतात?

आता भारतीय टक्का. १९९१ ला २२.३, २००१ ला २५.७, २०११ ला २८.३ आणि २०२१ ला ३४.३. शेवटच्या दहा वर्षांत उडी मोठी आहे, त्याबद्दल पुढे म्हापशाच्या पत्रात येईल. ‘शहर आपलं झालं’ म्हणणाऱ्यांना एकच सांगा, की यातले असंख्य लोक असे आहेत ज्यांनी भारत पाहिला तो लग्नकार्याला आल्यावर. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं तेव्हा सुमारे २८ हजार लोक ब्रिटनमध्ये गेले आणि त्यातले बरेच लेस्टरला उतरले, आणि तेही कधी, तर लेस्टरच्या कौन्सिलनं युगांडाच्या पेपरात जाहिरात देऊन ‘कृपया इकडे येऊ नका, इथे जागा नाही’ असं कळवलं असताना. (जाहिरातीमुळे शहराचं नाव ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं असं तिथले लोक हसून सांगतात.)

जाता जाता अजून एक. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या पेपरांत भाकित छापून यायचं की २०११ च्या सुमाराला लेस्टर हे गोरे अल्पसंख्य झालेलं पहिलं शहर ठरणार. २०११ उजाडलं, जनगणना झाली आणि गोरे निघाले ५०.५ टक्के. भाकित चुकलं? पण ‘गोरे ब्रिटिश’ हा वेगळा रकाना बघितला तर तो होता ४५.१, कारण मधल्या काळात पोलंडहून वगैरे आलेले लोक ‘इतर गोरे’ मध्ये मोजले गेले. म्हणजे ज्याला भाकित खरं ठरवायचं त्यानं एक ओळ वाचली आणि ज्याला खोटं ठरवायचं त्यानं दुसरी. आणि ‘पहिलं’ म्हणाल तर लंडनमधले न्यूहॅम आणि ब्रेंट हे बरो, म्हणजे स्वतःचं कौन्सिल असलेले लंडनचे भाग, २००१ मध्येच तिथे पोचले होते, फक्त त्यांना कोणी शहर म्हणत नाही.

प्रश्न : सर, मी नाशिकला एमएस्सी स्टॅट करतोय. जनगणना दहा वर्षांनी एकदा होते मग मधल्या वर्षांचे वांशिक आकडे येतात कुठून? एका पीडीएफमध्ये लंडनच्या प्रत्येक बरोचे वर्षवार आकडे बघितले, दशांशापर्यंत होते, ते मोजलेले असतात की बसवलेले?

उत्तर : बसवलेले. पण बसवलेले म्हणजे बनवलेले नव्हे, हा फरक तुझ्या परीक्षेतही विचारतील.

पद्धत आपल्या घरच्या हिशेबाच्या वहीसारखी आहे. जनगणनेच्या दिवशीची शिल्लक घ्यायची, त्यात वर्षभरातले जन्म मिळवायचे, मृत्यू वजा करायचे, बाहेरून आलेले मिळवायचे, गेलेले वजा करायचे, आणि प्रत्येक माणूस एक वर्षानं मोठा करायचा. मग पुढचं वर्ष. एवढंच. पण नुसत्या एकूण लोकसंख्येसाठी हे जितकं सोपं तितकंच वंशानुसार करायला गेलं की अवघड, कारण प्रत्येक नोंदीत वंश लिहिलेला नसतो. इंग्लंड-वेल्समध्ये मृत्यूच्या दाखल्यावर २०२४ पर्यंत वंश नव्हता. जन्माच्या नोंदणीत आईबापांचा जन्मदेश असतो, वंश नाही, पण हॉस्पिटलकडून आरोग्यसेवेला जी बाळंतपणाची खबर जाते त्यात बाळाचा वंश असतो, तर मग ह्या दोन कागदांची सांगड घालायची. देशांतर्गत कोण कुठून कुठे गेलं हे कळतं डॉक्टरकडच्या नावनोंदणीवरून, कारण तिकडे घर बदललं की आपला जीपी बदलतात, पण तरणी पोरं आजारी पडेपर्यंत डॉक्टरचं तोंड बघत नाहीत त्यामुळे लंडनला गेलेला मुलगा कागदावर वर्षभर गावातच राहतो. आणि त्यातही वंश नाहीच. मग काय करतात, तर जनगणनेत एक प्रश्न असतो की वर्षभरापूर्वी तुमचा पत्ता काय होता, त्यावरून कुठल्या गटाचे लोक किती आणि कुठे हलतात याचा साचा मिळतो, तो साचा पुढची नऊ वर्षं वापरायचा. परदेशातून येणाऱ्यांचं तर अजून कठीण, बरीच वर्षं ते विमानतळावर आणि बंदरावर थांबवून विचारलेल्या सँपलवर चालायचं.

म्हणजे बघ, पहिल्या वर्षी आकडा जनगणनेच्या अगदी जवळ, आणि आठव्या नवव्या वर्षी तो जनगणनेपेक्षा आपल्या गृहीतकांचा जास्त. पुन्हा छोटा भाग आणि छोटा गट असला की चूक मोठी, एका बरोतले बांगलादेशी १५ ते १९ वयाचे मुलगे असा कप्पा केलास की त्यात उरतात मूठभर आणि तिथे दशांश लिहिणं म्हणजे वरणात सोन्याचा वर्ख. तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं असे कौन्सिलनिहाय वांशिक अंदाज २००१ ते २००९ या वर्षांसाठी काढले होते आणि त्यावर ‘प्रायोगिक’ असा शिक्का मारला होता, हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पीडीएफ फॉरवर्ड करणारे आधी तो शिक्का कापतात.

आणि दहा वर्षांनी परीक्षा होतेच. २०११ ची जनगणना झाली तेव्हा इंग्लंड-वेल्समध्ये आधीच्या हिशेबानं जेवढी माणसं असायला हवी होती त्यापेक्षा सुमारे ४ लाख ६४ हजार जास्त निघाली. ही वंशाची नाही, साध्या एकूण लोकसंख्येची चूक आहे. मग मधल्या सगळ्या वर्षांचे आकडे मागे जाऊन पुन्हा दुरुस्त केले. म्हणून कुठल्याही वर्षाचा अंदाज वापरताना तो कधी प्रसिद्ध झालेला आहे ते बघ, २००८ चा अंदाज २००९ मध्ये छापलेला आणि २००८ चा अंदाज २०१३ मध्ये छापलेला ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि इंटरनेटवर दोन्ही सापडतात.

बरं, जनगणना तरी पूर्ण असते का? १९९१ च्या ब्रिटिश जनगणनेत दहा लाखांहून जास्त माणसं सुटली. त्या वेळी पोल टॅक्स नावाचा माणशी कर लावला होता, लोकांना वाटलं फॉर्म भरला की कर मागायला येतील, त्यामुळे तरुण मुलं तर विशेष करून गायब, असं एक कारण सांगतात. ज्या मोठ्या शहरांत परप्रांतीय, परदेशी जास्त तिथेच माणसं जास्त सुटतात, म्हणजे आपल्याला ज्या गटांचा आकडा हवा असतो तेच नेमके फॉर्म भरत नाहीत. म्हणून जनगणनेनंतर काही भागांत पुन्हा एक छोटा सर्व्हे करतात, दोन्ही याद्या जुळवून बघतात आणि किती सुटले त्याचा अंदाज करून आकडा वर करतात. तलावातले मासे मोजायची पद्धत तुला शिकवली असेल, पहिल्यांदा पकडून खूण करायची, सोडायचे, पुन्हा पकडायचे. तीच.

आणि २०२१ ला अजून एक भानगड, जनगणनेचा दिवस होता २१ मार्च २०२१, ऐन लॉकडाउन. विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की कॉलेजच्या गावचा पत्ता द्या, पण पोरं आईबापांकडे बसलेली.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ स्विंडनला फॅमिली घेऊन गेला, पोर्तुगीज पासपोर्टवर. आमचं सगळं खानदान गोव्याचं. मग इंग्लंडच्या खानेसुमारीत तो पोर्तुगीज म्हणून मोजला काय भारतीय म्हणून? आणि मराठी माणसं तिथे किती त्याचा आकडा मिळेल काय? (म्हापसा)

उत्तर : भाऊ, तुमचा भाऊ चार ठिकाणी चार वेगळ्या रूपांत मोजला गेला असणार. जन्मदेश भारत. पासपोर्ट पोर्तुगाल. मुख्य भाषा कोंकणी, किंवा त्यानं जी लिहिली ती. आणि वंश या प्रश्नात त्यानं जिथे टिक केली ते, बहुतेक ‘भारतीय’, पण ‘इतर’ मध्ये गोवन असं लिहून दिलं असेल तर त्याला कोणी अडवत नाही. कारण वंश म्हणजे तिकडे आपण स्वतःला काय समजता, कोणी प्रगणक चेहरा बघून ठरवत नाही.

मघाशी लेस्टरच्या उडीचं म्हणालो ना, त्यात हाच मार्ग आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये नाव नोंदवता येतं, आणि ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होतं तोवर त्या पासपोर्टवर सरळ जाऊन राहता यायचं. गोव्याचे स्विंडनला जमले तसे दमण-दीवचे गुजराती बरेच लेस्टरला गेले. त्यामुळे कोणी नुसत्या पासपोर्टच्या तक्त्यावरून लेस्टरमध्ये पोर्तुगीज इतके कसे वाढले बुवा असं डोकं खाजवत बसला तर त्याला दीवचा किल्ला दाखवा.

उलटाही प्रकार आहे. १९९१ पर्यंत ब्रिटनच्या जनगणनेत वंश विचारतच नव्हते. १९७९ ला लंडनच्या हॅरिंगे भागात एक चाचणी घेतली तेव्हा अनेकांनी फॉर्म द्यायलाच नकार दिला, लोकांना वाटलं आज नोंदवतील आणि उद्या परत पाठवतील, त्या काळी नागरिकत्वाचे कायदे बदलायची चर्चा चालू होती त्यामुळे भीती काही हवेतली नव्हती. मग १९८१ ला प्रश्न गाळला आणि कुटुंबप्रमुखाचा जन्म कुठे झाला त्यावरून सगळ्या घराचा अंदाज बांधला. याचा अर्थ साहेबाच्या राज्यात पुण्याच्या कॅम्पात जन्मलेला गोरा म्हातारा त्या हिशेबात भारतातला, आणि बर्मिंगहॅममध्ये जन्मून घर थाटलेला आपला सरदारजी ब्रिटिश. १९८१ चा आकडा आणि १९९१ चा आकडा एका रेषेत जोडून ग्राफ काढणारे लोक मी बघितलेत, त्यांना नमस्कार.

रकानेही दर वेळी बदलतात. १९९१ मध्ये मिश्र असा पर्यायच नव्हता, तो २००१ ला आला. चिनी लोक २००१ पर्यंत वेगळ्या खणात होते, २०११ ला त्यांना आशियाई मध्ये टाकलं, त्यामुळे ‘आशियाई’ वाढले त्यात थोडी ही खणाखणी आहे. अरब हा रकाना २०११ ला आला, रोमा २०२१ ला. शिखांना स्वतंत्र टिक हवी होती, २०२१ साठी मोठी मागणी झाली, प्रकरण कोर्टात गेलं, मिळाली नाही. रकाना मिळाला की आकडा दिसतो, आकडा दिसला की कौन्सिलकडे हक्कानं काही मागता येतं, म्हणून ही भांडणं, उगाच नाही.

मराठी माणसांचं म्हणाल तर वंशाच्या यादीत मराठी असा टिकचा रकाना नाही, आपण ‘भारतीय’ मध्येच. भाषेचा प्रश्न इंग्लंडमध्ये पहिल्यांदा २०११ ला विचारला, त्यात मराठी येते, पण तो प्रश्न असा आहे की तुमची मुख्य भाषा कोणती, एकच. आता लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ ची, तिथल्या तिसऱ्या पिढीतला नातू गणपतीत आरत्या तोंडपाठ म्हणतो पण मुख्य भाषा म्हणून टिक करणार इंग्रजी. तो गेला आकड्यातून. म्हणून भाषेवरून काढलेला आकडा हा मराठी लोकांचा नाही, तर साधारण अलीकडे गेलेल्या मराठी लोकांचा आहे असं धरून चाला.

प्रश्न : काका, ऑकलंडहून लिहितेय. इथल्या २०२३ च्या सेन्ससचे आकडे बघितले, युरोपियन ६७.८ टक्के, माओरी (इथले मूळ रहिवासी) १७.८, आशियाई १७.३, पॅसिफिक ८.९, आणि अजून काही. बेरीज ११३ च्या वर जाते! हे लोक गणितात नापास आहेत का?

उत्तर : नाही गं, उलट मला तर त्यांची पद्धत जास्त पटते. न्यूझीलंडमध्ये माणूस एकापेक्षा जास्त वंश सांगू शकतो आणि त्यानं जितके सांगितले तितक्या सगळ्या गटांत तो पूर्ण एक म्हणून मोजतात. अर्धा अर्धा नाही. समजा तुझा नवरा किवी गोरा आणि तुमची मुलगी दोन्ही टिक करते, तर ती युरोपियनमध्येही एक आणि आशियाईमध्येही एक. हीच मुलगी उद्या लंडनला राहायला गेली की ‘मिश्र’ नावाच्या तिसऱ्याच खणात जाईल आणि भारतीयांच्या आकड्यातून बाहेर पडेल. मुलगी तीच. त्यामुळे ऑकलंडचा आशियाई टक्का (२०२३ ला ३१.३) आणि लंडनचा आशियाई टक्का शेजारी ठेवून तुलना करू नये.

तुझ्याकडचे भारतीय २०१३ ला १ लाख ५५ हजार, २०१८ ला २ लाख ३९ हजार आणि २०२३ ला २ लाख ९२ हजार, वाढ जबरदस्त आहे यात वादच नाही. यात फिजीहून आलेले भारतीय कधी ‘भारतीय’ लिहितात, कधी ‘फिजी इंडियन’, ते कुठे धरायचे हा तिथला जुना घोळ. आणि २०१८ च्या आकड्याबद्दल एक लक्षात ठेव, त्या वर्षी जनगणना मुख्यतः ऑनलाइन केली आणि पूर्ण प्रतिसाद ८३.३ टक्क्यांवर घसरला, मग उरलेली माणसं सरकारच्या इतर नोंदींतून, म्हणजे टॅक्स, आरोग्य, शाळा, व्हिसा असं करत भरून काढली. माओरी जमातींचे आकडे तर दर्जा नाही म्हणून अधिकृतपणे दिलेच नाहीत आणि मुख्य सांख्यिकी अधिकाऱ्यांना राजीनामा द्यावा लागला. आता त्यांनी जाहीर केलंय की २०३० पासून घरोघर फॉर्मवाली जनगणनाच बंद, सगळं अशाच नोंदींवरून. म्हणजे नाशिकच्या पोराला सांगितलेली ती वही कायमची सुरू. मला धाकधूक वाटते, खरं सांगतो, कारण नोंदीत नाव येतं ते सरकारशी ज्याचं काम पडतं त्याचं.

प्रश्न : हे सगळं परदेशाचं ठीक आहे हो सर, आमच्या मुंबईत मराठी टक्का किती उरला ते सांगा. दर इलेक्शनला वेगळा आकडा ऐकतो. (गिरगाव, आता विरार)

उत्तर : तुमच्या कंसातच निम्मं उत्तर आहे साहेब.

आपल्याकडे जनगणनेत वंश विचारत नाहीत, मातृभाषा विचारतात. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे मिळून २००१ ला मातृभाषा मराठी सांगणारे होते ४५.२३ लाख, २०११ ला ४४.०४ लाख. लोकसंख्या त्याच काळात १ कोटी २० लाखांवरून १ कोटी २४ लाखांवर गेली, म्हणजे टक्का अंदाजे ३८ वरून ३५. हिंदीवाले २५.८८ लाखांवरून ३५.९८ लाख. एवढंच छापील सत्य आहे आणि तेही २०११ चं, त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, तेव्हा आज कोणी स्टेजवरून ‘२२ टक्के’ म्हणो नाहीतर ‘४० टक्के’, त्याला कुठल्या वहीतून काढलं विचारा.

आता लेस्टरची सगळी दुखणी इथेही आहेत. तुम्ही गिरगावातून विरारला गेलात तेव्हा मुंबईतला एक मराठी कमी झाला आणि ठाणे जिल्ह्यात एक वाढला (आता पालघर, २०१४ पासून), तुम्ही मात्र आहात तिथेच, रोज चर्चगेटला. मुंबई शहर जिल्ह्याची तर एकूण लोकसंख्याच घटली, ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाख, चाळी पाडून टॉवर झाले आणि जुनी माणसं उपनगरांकडे सरकली, सगळ्याच भाषांची. आणि रकान्याचं म्हणाल तर जनगणनेच्या तक्त्यात ‘हिंदी’ या मथळ्याखाली भोजपुरी, राजस्थानी असं पुष्कळ काही एकत्र केलेलं असतं, त्यामुळे गोरखपूरची माणसं आणि जोधपूरची माणसं एका गठ्ठ्यात, आणि इकडे अहिराणी सांगणारा धुळ्याचा माणूस मराठीत न धरता ‘खानदेशी’ म्हणून वेगळा. एक गठ्ठा फुगवलेला, दुसऱ्यातून थोडं काढून घेतलेलं. तरीही मराठी टक्का घसरला हे मी नाकारत नाही, उगीच आकड्यांची गंमत करून दुखणं झाकायचं नाही. फक्त किती घसरला आणि किती बदलापूर-विरारला उतरला हे वेगळं करायला मुंबई महानगराचा एकत्र तक्ता हवा, आणि तो कोणत्याच पक्षाच्या फ्लेक्सवर बसत नाही.

आता पुढची जनगणना २०२७ ची, १ मार्च २०२७ हा हिशेबाचा क्षण धरलेला, आणि त्यात जात विचारणार. सगळ्या जाती मोजलेली शेवटची जनगणना १९३१ ची, त्यात ४,१४७ जाती होत्या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत लोकांना मोकळं लिहू दिलं तर ४६ लाखांहून जास्त नावं निघाली, कारण कोणी पोटजात लिहिली, कोणी आडनाव, कोणी गोत्र, आणि तीच जात दहा स्पेलिंगांनी. इंग्रजांच्या फॉर्मवर रकाने ठरलेले म्हणून भांडण आधी होतं, आपल्याकडे रकाना मोकळा होता म्हणून भांडण नंतर झालं. या वेळी यादी कशी देतात तिकडे माझं लक्ष आहे.

प्रश्न : लंडनमध्ये राहतो. वंशाचा रकाना मी तत्त्व म्हणून रिकामा ठेवतो. चालतं ना?

उत्तर : तिकडच्या कायद्यानं जनगणनेत धर्माचा प्रश्न ऐच्छिक आहे, वंशाचा नाही. पण समजा ठेवलात रिकामा आणि कोणी दंडाची नोटीस धाडली नाही, तरी आकड्यात तो रिकामा राहत नाही. कॉम्प्युटर तुमच्यासारखंच दुसरं कोणी शोधतो, वय, घर, जन्मदेश, जवळपासचा भाग असं जुळवून, आणि त्याचं उत्तर तुमच्या रकान्यात टाकतो. म्हणजे तुम्ही तत्त्व पाळलंत आणि बहुधा पलीकडच्या गल्लीतल्या पटेलांनी तुमच्या वतीनं टिक केली.

(विम्याचे प्रश्न पुढच्या अंकात, नक्की.)